मूल वाचताना अडतंय? या चुका टाळा

“याला वाचताच येत नाही हो!” पहिली-दुसरीचे वर्ग घेताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की ती कानावर आली की आता मी आधी एकच करते. मुलाच्या हातातलं पुस्तक बाजूला घेते आणि तोच उतारा त्याला मोठ्यानं वाचून दाखवते. मग विचारते, कुत्रा कुठं लपला होता? मुलगी का रडली? तिनं काय करायला हवं होतं?

दोन अगदी वेगळी मुलं यातून समोर येतात. एक मूल ऐकून सगळं सांगतं, पुढं काय होईल याचा अंदाजही बांधतं, पण स्वतः वाचायला लागलं की तिसऱ्या शब्दाला थांबतं. दुसरं घडाघडा वाचतं, आवाजही खणखणीत, पण त्यानं वाचलं काय किंवा तुम्ही वाचून दाखवलं काय, गोष्ट सांग म्हटलं की गप्प. पहिल्याचं घोडं अक्षरात अडलंय, दुसऱ्याचं भाषेत. आणि आपण दोघांनाही सांगतो, “रोज दोन पानं वाच.”

गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली हे फार सोपं करून सांगितलं. वाचलेलं समजणं म्हणजे लिहिलेले शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. दोन्हींची बेरीज असती तर एकीच्या जोरावर दुसरी निभावली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच. तेव्हा कुठं अडतंय हे न पाहता नुसता सराव वाढवणं, ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटातून येतात.

चित्र वाचतंय की अक्षर?

“क कमळाचा” म्हणणारं मूल पुष्कळदा चित्र बघून बोलत असतं. चित्र झाका, तोच क कोऱ्या कागदावर लिहा आणि विचारा. क्रमही पाठ असतो, त्यामुळे च-छ-ज असं ओळीनं विचारण्यात अर्थ नाही, उलटसुलट विचारा. घ-ध, भ-म, प-ष, व-ब, थ-य या जोड्या एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नका. एक अक्षर पक्कं झालं की मगच त्याचा जुळा दाखवा.

धड्यांचंही तेच. आठवडाभर ऐकून पान पाठ झालेलं मूल बोट फिरवत “वाचतं” आणि आपण खूश होतो. त्याच पानावरचे शब्द शेवटाकडून विचारा, एका मिनिटात खरं काय ते कळेल.

याहून घातक सवय म्हणजे सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत शब्दाला हात न लावणं. या क्रमात ऋ अगदी सुरुवातीला येतो, ङ आणि ञ मधे येतात. ही अक्षरं मुलाला पुस्तकात क्वचितच दिसतात. आणि ज्याच्यावाचून ‘बाबा’सुद्धा लिहिता येत नाही तो काना मात्र महिनोन्‌महिने वाट बघत राहतो. तेवढ्या काळात मुलाच्या मनात एक समजूत घर करते, की वाचणं म्हणजे अर्थ नसलेल्या खुणांची नावं म्हणणं. ती पुढं काढून टाकणं फार जड जातं.

त्यापेक्षा न, क, म, ल ही चार अक्षरं आणि एक काना घ्या. नाक, कान, मान, काम, काल, लाल, मामा, काका, कमान एवढे शब्द पहिल्या पंधरवड्यातच मुलाच्या हातात येतात. “मामा, नाक लाल!” हे वाक्य स्वतः वाचून जे मूल खुदकन हसतं, त्याला वाचन कशासाठी असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

‘क… म… ळ’ म्हणतो, पण ‘कमळ’ म्हणत नाही

इथं पालकांचा धीर सुटतो. तिन्ही अक्षरं ओळखली, मग शब्द का येत नाही? मुलाच्या जागी बसून ऐकून पाहा. आपल्या लिपीत प्रत्येक सुट्या अक्षरात अ दडलेला असतो. मूल ‘कऽ, मऽ, ळऽ’ म्हणतं. बोलताना मात्र शेवटच्या ळमधला अ आपण गिळून टाकतो. ‘करतो’ म्हणताना तर मधल्या रचा अ जातो, ‘कर्तो’ असंच आपण बोलतो. मुलाला जे तीन तुकडे ऐकू येतात ते त्याच्या ओळखीच्या शब्दासारखे लागतच नाहीत. ते मंद नाही. उलट, दिसतंय तसं अगदी प्रामाणिकपणे वाचतंय.

उपाय असा, की अक्षरांच्या मधे थांबू द्यायचं नाही. ‘क’, मग ‘कम’, मग ‘कमळ’, अशी एका श्वासात पुढं घसरत जायची सवय लावा. आणि त्याच्याही आधी हा खेळ वही-पुस्तकाशिवाय, नुसत्या कानानं खेळा. तुम्ही ‘पा… ऊ… स’ म्हणा, शब्द त्यानं ओळखायचा. ‘समोर’मधला स काढला तर काय उरलं? मोर. ‘कमान’मधला क काढला तर? मान. चालता चालता दोन मिनिटं पुरतात. ज्या मुलाला हे कानानं जमत नाही, त्याला कागदावर जमणं अवघडच असतं, म्हणून आधी इथं थांबायचं. हा वेळ वाया गेला असं कुणी म्हटलं तरी थांबायचं.

काना-मात्रा शिकवताना बाराखडी चालीवर म्हणून घेतली जाते. मग ‘की’ कोणती असं विचारलं, की मूल क, का, कि असं पहिल्यापासून मोजत येतं. बाराखडी आडवी म्हणण्याऐवजी उभी वाचून घ्या: की, मी, ली, नी, ती. एकच खूण वेगवेगळ्या अक्षरांवर बसली की ती खूण काय काम करते हे कळतं. पहिली वेलांटी दिसते आधी, पण उच्चार मागून होतो. रफाराचं त्याहून वाईट: उच्चार आधी आणि खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून ‘सूर्य’चं ‘सूयर’ होतं. सूर्य, क्रम, ट्रक, दुसऱ्या, या प्रत्येक शब्दात र वेगळ्या रूपात आहे, आणि ही चारही रूपं एकाच तासात उरकणं हा मुलावर अन्याय आहे. आठवड्याला एक रूप घ्या, शब्द मात्र त्याच्या बोलण्यातले हवेत.

दर शब्दाला टोकणं

मूल अडलं रे अडलं, की शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडतो. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात ते सावरतं. ‘घरी’च्या जागी ‘घरात’ वाचलं तर वाक्य संपेपर्यंत जाऊ द्या. त्यानं अर्थ धरून ठेवला आहे. ‘घर’च्या जागी ‘घार’ वाचलं आणि तसंच पुढं गेलं, तर वाक्याच्या शेवटी विचारा, “असं कुणी म्हणेल का? परत बघ बरं.” स्वतःहून मागं येऊन चूक दुरुस्त करणारं मूल मला सगळ्यात जास्त आनंद देतं. आपण आधीच बोललो तर हा आतला कान तयारच होत नाही.

पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देणाऱ्या मुलाचं मात्र वेगळं. त्याचा अंदाज बरोबर आला तरी शाबासकी देऊ नका. शब्द बोटानं झाका आणि एकेक अक्षर उघडत न्या, म्हणजे नजर शेवटपर्यंत जाईल.

बोलण्यातल्या ‘चुका’

“मी करलं”, “तो जाला” असं मूल म्हणतं. हे ‘बसलं’, ‘हसलं’, ‘उठलं’ ऐकून त्यानं स्वतः काढलेल्या नियमाचं फळ आहे. भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘वग’ नावाचा मनानं रचलेला प्राणी दाखवला आणि असे दोन असतील तर काय म्हणशील, असं विचारलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. म्हणजे भाषा नुसती ऐकून पोपटासारखी येत नाही, मूल तिचे नियम शोधत असतं. “करलं नाही, केलं म्हण” असं घोकून घेण्याऐवजी “हो? तू एकट्यानं केलंस?” एवढं म्हणा. योग्य रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

‘व्हतं’, ‘पानी’ ही तर घरच्या बोलीची रूपं आहेत, त्यांना अशुद्ध म्हणू नका. ‘पानी’ लिहिणाऱ्यानं जे ऐकलं ते नेमकं लिहिलंय. त्याचा कान उत्तम आहे, ‘पाणी’ची खूण तेवढी डोळ्यांत बसवायची राहिली.

घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळीच असेल, तर पालकांना सर्रास सांगितलं जातं, “आता घरीही शाळेचीच भाषा बोला.” याइतका नुकसानकारक सल्ला दुसरा नाही. ज्यांना ती भाषा तोडकीमोडकी येते ते आईवडील मग ‘ये’, ‘बस’, ‘लिही’ एवढंच बोलू लागतात. लांबलचक गोष्टी, कारणं, वाद, चेष्टामस्करी, सगळं घरातून जातं. एका भाषेत आलेली समज दुसरीत उतरते, ही मांडणी अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून केली आहे. रोजचं बोलणं नव्या भाषेत साधारण दोन वर्षांत जमतं, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, हेही त्यांनीच दाखवलं. मैदानावर फाडफाड बोलणारं मूल गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून गोंधळलं, तर आळशी म्हणू नका. पालकांनी आपल्या भाषेत भरपूर बोलावं, पोटभर बोलावं.

वाचता येऊ लागलं की वाचून दाखवणं बंद

प्राथमिकच्या सगळ्या वर्षांत मुलाला ऐकून जे समजतं, ते स्वतः वाचून समजणाऱ्याच्या पुढं असतं. ‘जणू’, ‘अखेर’, ‘ओसाड’ असे शब्द घरातल्या बोलण्यात येत नाहीत, ते पुस्तकातूनच कानावर पडतात. घडाघडा वाचून काहीच न कळणाऱ्या मुलाचं औषध हेच. त्याच्या इयत्तेपेक्षा थोडं वरचं वाचून दाखवा आणि ‘कोण’, ‘कुठं’पेक्षा ‘का’ विचारा. विषयाची माहितीही वाढवा. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या अभ्यासात बेसबॉलची माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना त्या खेळावरचा उतारा माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त समजला होता.

लिखाणाबद्दल थोडक्यात: चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेतल्यानं हात दुखतो, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा चूक झाली तर तीच आठ वेळा गिरवली जाते. मुलानं काय लिहिलंय ते आधी वाचा, त्यावर बोला, मग एकच गोष्ट दाखवा. सुंदर अक्षर हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळा वेळ द्या.

“होईल आपोआप”

काही वेळा खरंच थांबू नये. पहिलं काम कान आणि डोळे तपासण्याचं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं की लहान मुलांना काही काळ कमी ऐकू येतं, पुन्हा नीट येतं, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. वर्षभर नीट शिकवूनही अक्षरं टिकत नसतील, वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत अनोळखी वाटत असेल, शब्दांचे तुकडे कानानं जुळवणं जमत नसेल आणि घरात आणखी कुणाला हा त्रास झाला असेल, तर डिसलेक्सियाची, म्हणजे लिहिलेले शब्द उलगडण्यातल्या मुळातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. तो नजरेचा दोष नाही आणि बुद्धीशीही त्याचा संबंध नाही. जाताना मुलानं स्वतःच्या मनानं लिहिलेली चार-पाच पानं तारखेसह न्या, अडणाऱ्या शब्दांची यादी न्या, आणि तुम्ही वाचून दाखवलेल्या गोष्टीबद्दल ते काय काय बोललं तेही त्याच्याच शब्दांत लिहून न्या.