ॲक्रिलेट साखळीत शिरले आहे का, हे आधी तपासा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी इथिलीन आणि मिथाइल ॲक्रिलेट यांचे कोपॉलिमर (दोन्ही रेणू एकाच साखळीत गुंफलेले प्लास्टिक) तयार करणारा पॅलेडियमचा उत्प्रेरक बनवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अडचण नेमकी कुठे आहे हे उमगायलाच मला काही महिने लागले. झिग्लर-नाटा पद्धतीचे टायटॅनियमयुक्त उत्प्रेरक इथिलीनची लांबलचक साखळी सहज गुंफतात. पण ॲक्रिलेटमधला ऑक्सिजन त्या धातूला घट्ट धरून बसतो आणि अभिक्रिया थांबते. त्यामुळे अशी प्लास्टिके कारखान्यांत आजही मुख्यतः हजार वातावरणांहून अधिक दाबाखाली, मुक्त मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, अतिक्रियाशील कणांच्या) मार्गाने बनवतात.

पॅलेडियमला ऑक्सिजनची तेवढी ओढ नसते. तरीही ॲक्रिलेट साखळीत शिरले की त्याच्या कार्बोनिलचा (C=O गटाचा) ऑक्सिजन मागे वळून धातूशी जोडला जातो, एक कडे तयार होते आणि पुढच्या इथिलीनला ते उघडून आत यावे लागते. लिगँडचा, म्हणजे धातूला जोडलेल्या आणि त्याचे वागणे ठरवणाऱ्या रेणूचा, विचार करताना ही पायरी सतत डोळ्यांसमोर ठेवावी. 1996 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मॉरिस ब्रुकहार्ट यांच्या गटाने डायइमिन लिगँड वापरून हे साधले, मात्र धातू साखळीवर मागेपुढे सरकत असल्याने पॉलिमरला फांद्या फुटत आणि ॲक्रिलेट बहुधा त्यांच्या टोकांशी जाई. 2002 मध्ये ड्रेंट आणि सहकाऱ्यांच्या फॉस्फिन-सल्फोनेट लिगँडने ते सरळ साखळीत आणले. दोन्ही शोधनिबंध नवख्यांनी सावकाश, कागद-पेन्सिल घेऊन वाचावेत.

माझी मोठी चूक मात्र लिगँडमध्ये नव्हती. मिथेनॉलमध्ये ओतून मिळवलेल्या पहिल्या नमुन्याच्या एनएमआरमध्ये (रेणूतील गट ओळखण्याच्या चुंबकीय चाचणीत) आलेखावरील 3.6 पीपीएम या स्थानाच्या आसपास ॲक्रिलेटमधल्या मिथॉक्सी (OCH₃) गटाचे ठसठशीत शिखर दिसले आणि मी ते यश मानले. तो पांढरा भुगा बोटांना किंचित चिकट लागत होता, याकडे मी लक्ष दिले नाही. पुढे ॲसिटोनने धुतल्यावर ते शिखर जवळजवळ नाहीसे झाले, कारण ते मुक्त मूलकांनी तयार झालेल्या निव्वळ पॉलिमिथाइल ॲक्रिलेटचे होते.

म्हणून उत्प्रेरक न घालता तोच प्रयोग एकदा अवश्य करावा, अभिक्रियेत बीएचटीसारखा मूलकरोधक घालावा आणि धुतल्यानंतरच एनएमआर घ्यावा. या शिस्तीनंतर मिळालेल्या माझ्या पहिल्या नमुन्यात ॲक्रिलेट जेमतेम दोन मोल टक्के (साखळीच्या शंभर एककांत दोन) होते, पण ते पुन्हा पुन्हा धुऊनही तेवढेच राहिले.