परदेशातील मिशन शाळेत शिकवायला जाताना या चुका टाळा

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी, म्हणजे मिशन रविवारी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कोणी ना कोणी शिक्षक मला गाठतो आणि विचारतो, "सर, तुम्ही टांझानियाला होता ना? मलाही दोन वर्षे द्यायची आहेत. बरोबर काय काय न्यावे लागेल?" विचारणारे बहुतेक जण बोरिवलीपासून कुर्ल्यापर्यंतच्या शाळांत दहा-पंधरा वर्षे शिकवलेले, घरच्यांचे आणि धर्मग्रामाचे (म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातील भाविकांचे) पाठबळ असलेले, मनापासून जाऊ इच्छिणारे प्रापंचिक असतात. सामानाची यादी मी त्यांना देतो, पण अडते ते सामानावाचून नव्हे. टांझानियाच्या दक्षिण भागातील एका मिशन शाळेत मी दोन वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले. तिथे माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील बऱ्याचशा मुंबईतच सुरू झाल्या होत्या आणि त्यांचे मूळ एकच होते : आपण कुठेतरी काहीतरी द्यायला चाललो आहोत ही समजूत. प्रत्यक्षात आपण एका चालत्या शाळेच्या वेळापत्रकातील रिकाम्या तासांवर रुजू होत असतो. त्या शाळेला मुख्याध्यापक असतात, त्यांच्या वर तिथले बिशप असतात, आणि आपण जाण्याच्या आधीही तिथली मुले उत्तीर्ण होत आलेली असतात.

तारीख, कागद आणि नाव

मुंबईचा शिक्षक एप्रिलअखेर निकाल लावतो, मे महिन्यात सामान बांधतो आणि जूनमध्ये निघतो, कारण आपले शैक्षणिक वर्ष तसे आहे. टांझानियातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि माध्यमिक शाळेच्या चौथ्या फॉर्मची, म्हणजे चौथ्या वर्षाची, राष्ट्रीय परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो तेव्हा सहामाही परीक्षा आटोपून वसतिगृह रिकामे होत होते. सुट्टीनंतर जो वर्ग माझ्याकडे आला त्याचा निम्मा अभ्यासक्रम शिकवून झाला होता, पण तो नेमका कोणता निम्मा, हे शोधण्यातच माझा जुलै गेला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोहोचावे, सुट्टीचे आठवडे भाषेसाठी वापरावेत आणि जानेवारीत वर्गावर उभे राहावे, हे सर्वांत सोयीचे. त्यासाठी इथल्या शाळेतून सत्राच्या मध्यावर निघावे लागते. अनुदानित शाळेत असाल तर असाधारण रजा मंजूर झाल्याचे संस्थेचे पत्र हातात पडेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका. भावनेच्या भरात राजीनामा देऊन गेलेल्यांना परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून मुलाखती देताना मी पाहिले आहे.

कागदपत्रांचा सर्वांत मोठा खोळंबा नावामुळे होतो. डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा या आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षरानंतर जे वरचे चिन्ह असते, ते दहावीच्या प्रमाणपत्रावर असते, पासपोर्टवर नसते आणि बी.एड.च्या गुणपत्रिकेवर त्याच्या जागी नुसती मोकळी जागा असते. वसईकडच्या कुटुंबांत तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे, शाळेच्या रजिस्टरमधले आणि वडिलांच्या नावासह लिहिलेले अशी एकाच माणसाची तीन नावे निघतात. हा घोळ साक्षांकनाच्या आधी निस्तरावा, कारण नंतर प्रत्येक शिक्का पुन्हा मारून घ्यावा लागतो. शैक्षणिक प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित होतात. त्यापुढे तो देश एकमेकांची कागदपत्रे मान्य करण्याच्या हेग कराराचा सदस्य असेल तर अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसारचा शिक्का, पुरतो, नसेल तर त्या देशाच्या दिल्लीतील दूतावासाची पायरी चढावी लागते.

"आधी पर्यटक व्हिसावर या, बाकीचे इथे बघू," असा निरोप एखाद्या उत्साही फादरांकडून येतो. तो प्रेमाने आलेला असला तरी मानू नये. टांझानियात मिशनरी आणि स्वयंसेवक यांच्यासाठी निवास परवान्याचा 'सी' हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि काम करण्याच्या परवानगीचे नियम त्याहून वेगळे आहेत. त्यासाठीची धावपळ बोलावणाऱ्या धर्मप्रांतानेच, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कार्यालयानेच, करायची असते. त्याच पत्रव्यवहारात सेवेचा कालावधी, मानधन, राहण्याची सोय, आरोग्य विमा, सुट्टी, परतीच्या तिकिटाचा खर्च आणि तक्रार असल्यास ती कोणाकडे करायची, हे सारे लेखी मागून घ्यावे. मिशनच्या कामात असा हिशेब विचारणे बरे दिसत नाही असे आपल्याकडे वाटते. त्याच संकोचापायी मी पहिले पाच महिने स्वतःच्या बचतीतून औषधे आणि फोनचा खर्च केला.

तापाबाबतची बेफिकिरी

पीतज्वराची लस फक्त शासनमान्य केंद्रावरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नसतो. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, म्हणून ते पासपोर्टबरोबरच जपून ठेवावे. परतीच्या वाटेवर केनिया किंवा इथिओपियासारख्या देशात मुक्काम झाला आणि हा पिवळा कागद नसला, तर भारतात उतरल्यावर सहा दिवस अलग ठेवले जाण्याची वेळ येऊ शकते.

मलेरियाच्या बाबतीत मुंबईकर विशेष चुकतो, कारण प्रत्येक पावसाळ्यात त्याने तो पाहिलेला असतो. आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचे रुग्ण बरेच असतात. पूर्व आफ्रिकेत मात्र फाल्सिपेरम जातीचे प्राबल्य आहे आणि तो दोन-चार दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अंगात कणकण आहे, उद्या बघू, असे म्हणत गोळी घेऊन झोपायचे नाही; त्याच दिवशी रक्त तपासायचे. मुंबईला परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांच्या समोर बसताच पहिले वाक्य "मी आफ्रिकेतून आलो आहे" हे असावे.

भाषेला सुट्टीतला छंद समजणे

निरोप समारंभात हमखास वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण दिले जाते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना आलेले हौतात्म्य आणि १८६२ मध्ये त्यांना मिळालेले संतपद आपल्याला पाठ असते. मात्र फ्रान्सिस्कन मिशनरी त्यांना मनिलाहून जपानला घेऊन गेले ते त्यांना जपानी बोलता येत होते म्हणून, ही गोष्ट भाषणात येत नाही. ब्रदर होण्यापूर्वी त्यांनी जपानमध्ये व्यापार केला होता आणि येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) हाताखाली धर्मशिक्षणाचे कामही केले होते.

टांझानियात प्राथमिक शाळेची सात वर्षे सरकारी शाळांत स्वाहिलीतून होतात आणि माध्यमिक शाळेच्या पहिल्या फॉर्मपासून सगळे विषय एकदम इंग्रजीत सुरू होतात. आपण इंग्रजीतूनच शिकवणार, मग स्वाहिली कशाला, असा हिशेब मी मुंबईत मांडला होता. तो सपशेल चुकला, कारण मुख्याध्यापकांच्या खोलीपासून भटारखान्यापर्यंत शाळा स्वाहिलीतच चालते. खरे म्हणजे मराठी माणसाला ही भाषा तितकी परकी नाही : वहीला 'दफ्तारी', गणिताला 'हिसाबाती', बातमीला 'हाबारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' आणि गाडीला 'गारी' म्हणतात; चपातीला तर चपातीच. निघण्यापूर्वी तीन महिने रोज लोकलमध्ये अर्धा तास दिला असता, तरी माझे पहिले सत्र वाचले असते.

शब्दांपेक्षा वेळेने मला अधिक फसवले. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फलकावर शिक्षकसभेची सूचना लागली, 'सा नाने'. 'नाने' म्हणजे आठ एवढे मला ठाऊक होते आणि त्यापुढचा 'म्चाना' हा शब्द मी सोडून दिला. सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून मी सभागृहात एकटा बसलो. साडेआठला पहारेकरी डोकावला, हसला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. सभा दुपारी दोनला होती. उपाय सोपा आहे : घड्याळाच्या तबकडीवर सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचावा. आठसमोर दोन.

आणखी एक. फलाटावरच्या घाईने आपण थेट मुद्द्यावर येतो : "खडू संपला आहे." तिथे आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत हे विचारायचे, मग खडू. लहानांनी मोठ्यांना 'शिकामू' म्हणायचे आणि मोठ्यांनी 'माराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे. मी बरेच दिवस विद्यार्थ्यांच्या 'शिकामू'ला 'शिकामू' असेच उत्तर देत होतो, आणि मुले तोंडावर वही धरून हसत होती.

वर्गातील चूक : गप्प मुलगा म्हणजे मठ्ठ मुलगा

पहिल्या घटक चाचणीत माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले नापास झाली, तेव्हा त्यांचा पाया कच्चा आहे असा शेरा मी मुंबईच्या सवयीने मारून मोकळा झालो. "कळले का?" या प्रश्नावर सगळा वर्ग एका सुरात "येस, सर" म्हणत असे आणि मी पुढे सरकत असे. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा आठवीत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत कसा गोंधळतो हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते, तरी तीच गोष्ट तिथे मला ओळखू आली नाही. एका संध्याकाळी उजळणीच्या तासाला मी एका मुलाला तेच उदाहरण फळ्यावर आकड्यांत, एकही शब्द न वापरता, मांडून दिले आणि त्याने ते दोन मिनिटांत सोडवले. चाचणीत त्याला अडवले होते ते 'रिस्पेक्टिव्हली' या शब्दाने.

त्यानंतर मी प्रत्येक धड्याआधी दहा-बारा इंग्रजी शब्द स्वाहिली अर्थासह फळ्याच्या कडेला लिहू लागलो, गटात चर्चा स्वाहिलीत करू दिली आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घेतले, कारण राष्ट्रीय परीक्षा इंग्रजीतच असते. आपले मुंबईचे इंग्रजी फार वेगवान असते, ते निम्म्या गतीवर आणावे. पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका पोहोचल्याबरोबर मिळवाव्यात. इथून नेलेली एसएससी बोर्डाची गाईडे माझ्या खोलीत धूळ खात पडली.

छडीचा प्रश्न तुमच्यासमोर येईलच. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तर टांझानियात नियमांच्या चौकटीत ती अजून कायदेशीर आहे. शिक्षकखोलीत पहिल्याच महिन्यात यावर व्याख्यान झोडू नये. पण स्वतः छडी हातात घेऊ नये आणि माझ्या नावावर कोणाला शिक्षा करू नका असे मुख्याध्यापकांना एकांतात स्पष्ट सांगावे. माझ्या मुख्याध्यापकांनी ते मान्य केले. माझ्या तासाला गोंगाट थोडा जास्त होत असे, हेही खरे.

पैसा आणि फोटो

टांझानियात २०१६ पासून सरकारी शाळांत चौथ्या फॉर्मपर्यंत शुल्क नाही. मिशन शाळांत ते असते, आणि ते थकले की मुलाला घरी पाठवले जाते. असा एक मुलगा गेटवर पेटी घेऊन उभा दिसला तेव्हा मी त्याचे शुल्क खिशातून भरले. पुढच्या सोमवारी माझ्या दारात सात जण उभे होते आणि त्यांत दोन सहकाऱ्यांची मुले होती. मदत करायचीच असेल तर ती नाव न सांगता, शाळेच्या हिशेबनिसामार्फत करावी आणि कोणाला द्यायची हे शाळेला ठरवू द्यावे.

फोटोंबाबत मला जे ऐकावे लागले ते मी विसरलेलो नाही. अनवाणी उभ्या असलेल्या एका मुलीचा फोटो मी धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून बुटांसाठी पैसे जमल्याचा निरोप आला. मी तो आनंदाने मुख्याध्यापकांना सांगितला. त्यांनी फोटो पाहिला आणि शांतपणे विचारले, "म्वालिमू, मुंबईच्या तुमच्या शाळेतल्या मुलींचे फोटो तुम्ही असेच पाठवत होता का?" ती मुलगी बूट खोलीत ठेवून पाणी भरायला आली होती. शाळेच्या आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचा एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नये, आणि विद्यार्थ्याला एकट्याला आपल्या खोलीवर बोलावू नये. शिकवणी व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशी घ्यावी.

'म्वालिमू' म्हणजे शिक्षक. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे स्वतः कॅथलिक आणि पेशाने शाळामास्तर. त्यांना सारा देश याच नावाने ओळखत असे. त्यामुळे बाजारात केळी घेताना केलेली घासाघीससुद्धा 'म्वालिमूची घासाघीस' म्हणून संध्याकाळपर्यंत शाळेत पोहोचते.

वर्ग आणि वेदी यांची सरमिसळ

मिशन शाळेत मुस्लिम विद्यार्थीही असतात. गणिताच्या तासाला प्रवचन देणे, किंवा गुणांचा आणि शुल्कमाफीचा संबंध चर्चमधील हजेरीशी जोडणे, हे चुकीचे आहेच. शिवाय ते चर्चच्या शिकवणीविरुद्ध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या मिशनकार्यविषयक आदेशात, तेराव्या परिच्छेदात, कोणालाही श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे किंवा आमिष दाखवणे याला स्पष्ट मनाई आहे. आपली मिस्सा, आपली जपमाळ चुकवू नये. बाकी, बोलावले तर रविवारच्या धर्मशिक्षणात मदत करावी आणि नाही बोलावले तर मागच्या बाकावर बसावे.

परतण्याची घाई

शेवटच्या महिन्यात मन मुंबईत पोहोचलेले असते आणि कामाचे हस्तांतर राहून जाते. कोणत्या वर्गाचा कोणता धडा कुठपर्यंत झाला, कोणत्या मुलाला जादा वेळ हवा, प्रयोगशाळेत काय मोडले आहे, हे चार पानांत लिहून सहकाऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याच्याबरोबर एकदा वर्गात जावे. मी ती चार पाने लिहिली, पण भौतिकशास्त्राच्या कपाटाची किल्ली खिशातच राहिली आणि ती मला दार-एस-सलामच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये दिसली. मुंबईहून तिकडे जाणाऱ्या एका सिस्टरांबरोबर ती चार महिन्यांनी परत गेली. तोवर त्यांनी कुलूप तोडून नवे बसवले होते.