नवा बेस गिटार खरखरतोय? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

नवा बेस घेतला की पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली: तार खरखरते. आणि पहिली चूकही ठरलेलीच. खोक्यात आलेली ॲलन की (षटकोनी किल्ली) काढून मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई, फिरवायचा. थांबा. मान लाकडाची आहे, हवेतल्या दमटपणाने ती हलते. बेस खोलीच्या हवेत एक दिवस राहू द्या, सूर लावा, मग बघा.

आता आवाज नेमका कुठे होतो ते शोधा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सावकाश वाजवा. मोकळी तारच तेवढी खरखरत असेल, तर नटची (पहिल्या फ्रेटच्या आधी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. पहिल्या पाच फ्रेटमध्ये असेल, तर मान बहुधा गरजेपेक्षा सरळ आहे. बाराव्याच्या पुढे असेल, तर बहुतेक वेळा तारा खाली बसल्या आहेत. एकाच जागी असेल, तर तिच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. ते काम कारागिराचं, आणि नटचंही त्याचंच. खरखर ॲम्पमधून ऐकूच येत नसेल, तर काहीही करू नका. सतारीला जवारी शोभते तशी रॉकच्या बेसला थोडी धातूची खणखण शोभते.

मानेचा बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 मिमी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतं, एवढीच. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड लगेच बसत नाही. रॉड जड जात असेल तर जोर लावू नका. तुटलेल्या रॉडची दुरुस्ती फार महागात पडते.

मान नीट झाल्याशिवाय तारांची उंची बदलू नका. हा क्रम उलटा केला की प्रत्येक दुरुस्ती आधीची बिघडवते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2.5 मिमी, बारीक तारेखाली 2 मिमी, ही सुरुवातीला ठीक उंची. शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (मानेच्या विरुद्ध टोकाला तार टेकते तो तुकडा) मानेपासून दूर न्या, उतरता असेल तर जवळ आणा. आधी तार सैल करा. जुन्या, मेलेल्या तारांवर मात्र हे करू नका, आकडे फसवे येतात.

मोकळी ई तार 41 हर्ट्झची, त्यामुळे क्लिपवाला ट्यूनर तिच्यावर गोंधळतो. त्याऐवजी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून सूर लावा. खुंटी फिरवून सूर नेहमी खालून वर आणा. वरून खाली आणलात तर तार मागे सैल राहते आणि दोन गाण्यांत उतरते.

तार बदलताना होणारी चूक अशी: आधी कापायची, मग वाकवायची. गोल गुंडाळीच्या तारेत आतला गाभा आणि बाहेरचा वेढा वेगळे असतात. न वाकवता कापली की वेढा सुटू शकतो आणि तार मुकी होते. आधी काटकोनात वाकवा, वाकलेल्या टोकाकडे कापा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, तेही वरून खाली जाणारे.

पुष्कळदा मात्र दोष वाद्याचा नसतो, हाताचा असतो. तार दोन फ्रेटच्या मधोमध दाबली की ती खरखरणारच. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, कमी जोरात काम होतं. 34 इंच मापाच्या बेसवर पहिल्या फ्रेटची जागा जवळपास 48 मिमी रुंद असते, बारावीची त्याच्या साधारण निम्मी. गिटारची सवय असलेले लोक नटजवळच्या रुंद भागातही चार बोटं चार फ्रेटवर ताणतात आणि मनगट दुखवून घेतात. पाचव्या फ्रेटपर्यंत तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांनीच तीन फ्रेट सांभाळा. अनामिका करंगळीला टेकू देते. पट्टा इतका लांब सोडू नका की मनगट मोडल्यासारखं वळेल. बसून वाजवताना बेस ज्या उंचीवर असतो, तीच उभं राहूनही ठेवा.

दुसऱ्या हाताची गफलत अधिक फसवी: वाजवत नसलेल्या तारा आपोआप घुमतात आणि सगळा खर्ज चिखल होतो. बारीक तारेवर वाजवताना अंगठा जाड तारांवर टेकलेला राहू द्या, बाकीच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी अलगद झाका.

छोट्या गिटार ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटू शकतो. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल जॅकमध्ये राहिली की 9 व्होल्टची बॅटरी चालूच राहते. आवाज अचानक बारीक, फाटका झाला तर पेडल बदलण्याआधी बॅटरी बदला. डिस्टॉर्शनने (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलने) खर्ज गायब होत असेल, तर ब्लेंड बटण असलेलं पेडल घ्या आणि साफ आवाज त्यात मिसळा, निदान अर्धा.