पडीक शेताची बाग करायचीय? आधी खड्डा खणा
मैत्रिणीने पडीक शेत घेतलंय, बाग करायचीय म्हणते, तर तिला पहिल्याच दिवशी नर्सरीत नेऊ नका, आधी रानात फिरा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाणी भरून जिरू द्या, मग परत पाणी भरा. तासाला ३-४ सेंटीमीटर उतरलं तर छान, पण साचूनच राहिलं तर खाली बऱ्याचदा वर्षानुवर्षं नांगरून बसलेला कडक थर असतो, पहारीचा आवाजच बदलतो तिथे, तो फोडल्याशिवाय झाडं लावूच नका. माती परीक्षण कराच. हरळी मात्र नांगरू नका हां, तुकड्यातुकड्यातून फुटते, त्यापेक्षा पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळ्याचा जाड थर टाका आणि धीर धरा. पहिल्या वर्षी पाण्याजवळचे दोनच वाफे, बाकी जमिनीत हिरवळीचं खत पेरा, म्हणजे तागासारखं पीक वाढवून तिथेच मातीत गाडायचं.