या चुका टाळा : खाडीत आणि सड्यावर रोपं घेऊन निघण्याआधी

मे महिना सरत आला की फोन सुरू होतात. "सर, पाच जूनला पर्यावरण दिन आहे, दोन हजार रोपं तयार आहेत, जागा सांगा." रोपं आधी ठरतात, तारीख आधी ठरते आणि जागा शेवटी. सगळं बिघडतं ते इथेच.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सरकारी जमिनीवर पशुपक्ष्यांचा अधिवास पुन्हा उभा करण्याची कामं जुळवून आणणं, हे माझं काम. वनखातं, महसूल, ग्रामपंचायत, निधी देणारे आणि गावकरी यांना एका सतरंजीवर बसवायचं आणि उठेपर्यंत काहीतरी लेखी ठरवून घ्यायचं. इतक्या वर्षांत नव्या चुका फार कमी पाहिल्या. त्याच त्या चुका दर पावसाळ्यात नवी माणसं करतात, आणि त्यात पैशापेक्षा गावाचा विश्वास जास्त जातो.

मोकळा चिखल दिसला की कांदळ लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

देवगड तालुक्यातली एक खाडी. मुखाजवळ ओहोटीला मोठा चिखलपट्टा उघडा पडतो. युनेस्कोने २०१५ साली २६ जुलै हा कांदळवन दिन म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या तारखेला लागवडीचे कार्यक्रम ठरलेले. निधी देणाऱ्यांनाही तीच तारीख हवी होती. त्या दिवशी तिथी काय, भरती किती वाजता, हे मी आदल्या रात्री पाहिलं. खारफुटीतल्या कांदळाची शेंग लावायला सोपी, म्हणून सगळे तीच निवडतात. झाडावरच रुजलेली, हातभर लांब, चिखलात खुपसली की उभी राहते. शाळेची मुलं आली, कॉलेजची आली, दोन तासांत पट्टा भरला. फोटो फार सुंदर आले.

मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला आलेली एक म्हातारी पाटी खाली ठेवून बराच वेळ बघत होती. मी जवळून जाताना म्हणाली, "झिला, ही रोपां हंयसर रवाची नाय. हंय पाणी खूप येळ रवता." मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

गणपतीपर्यंत निम्म्या शेंगा आडव्या झाल्या. दिवाळीत उरलेल्यांच्या देठांवर बार्नेकलची पांढरी खरखरीत कवचं चढली आणि त्या भाराने त्या वाकल्या. शिमग्याला पट्टा पुन्हा होता तसा मोकळा.

कांदळवन वाढतं ते साधारण मध्यम समुद्रपातळीपासून मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंत. त्याखालच्या चिखलावर दिवसातला बराच वेळ पाणी असतं, मुळांना हवा मिळत नाही. दर पावसाळ्यात तिवराची आणि कांदळाची हजारो बियाणी त्या पट्ट्यावरून वाहत जातात. शेकडो वर्षांत तिथे एकही झाड उभं राहिलं नसेल तर त्याला कारण असतं. शिवाय तो चिखल रिकामा नसतोच. त्यात मुळे आहेत, खेकडे आहेत, किडे आहेत, आणि हिवाळ्यात त्यावर पोट भरणारे तुतवार, चिखल्या, कोरल आहेत. म्हणजे आमची रोपं जगली असती तर ते अधिक वाईट झालं असतं. पक्ष्यांचं ताट गेलं असतं आणि त्या म्हातारीची पाटीही.

आता मी काय करतो ते सांगतो. गवंड्याकडे असते ती पाण्याची पारदर्शक नळी घेतो. जवळच्या आपोआप उगवलेल्या तिवराच्या किंवा पांढऱ्या चिपीच्या बुंध्याशी एक टोक, आपल्या जागेवर दुसरं. आपली जागा खाली निघाली तर लागवडीचा विषय तिथेच संपतो. मग एक अमावास्या आणि एक अष्टमी, उधाण आणि भांग (लहान भरती) दोन्ही, खुणा केलेली काठी रोवून पाणी कुठवर येतं ते बघायचं. भरतीची ढोबळ वेळ आमच्याकडचे मच्छीमार तिथीच्या पाऊणपटीने काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईचं कोष्टक मोबाईलवर बघून इकडे येऊ नका. तिथे मोठ्या उधाणाचा आकडा साडेचार मीटरच्या वर जातो, आमच्याकडे तो जवळपास निम्मा असतो.

त्याच खाडीत पट्ट्यापासून थोडं आत, रस्त्याच्या पलीकडे, तिवराचा एक तुकडा वाळत होता. रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली होती. आतलं पावसाचं पाणी बाहेर पडत नव्हतं, भरतीचं आत येत नव्हतं. मोरी साफ करायला मजुरांना दोन दिवस लागले. परवानग्यांना सात महिने लागले, कारण रस्ता एकाचा, बांध खारभूमीवाल्यांचा, खाडी बंदरवाल्यांची आणि झाडं वनखात्याची. एकही फांदी तोडली नाही. कांदळवन तोडायला बंदी घालणारा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल माहीत नसलेला माणूस कांदळवनात कोयता घेऊन शिरला तर त्याच्याबरोबर तुम्हीही अडकता. पुढच्या पावसाळ्यात तिवराचं बी पाण्याबरोबर आत आलं आणि दोन वर्षांत रोपं गुडघ्याला लागली. आम्ही एकही रोप विकत घेतलं नव्हतं. अहवालाच्या "लावलेली रोपे" या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि त्याचा खुलासा तीन बैठकांत द्यावा लागला. तरीही तो शून्य मला त्या सुंदर फोटोंपेक्षा जास्त प्रिय आहे.

एक सावधगिरी. पाणी खेळतं करायचं म्हणजे खारबंधारा फोडायचा, असा अर्थ कुणी काढू नये. बंधाऱ्यामागे कुणाचं तरी भात असतं. चालू शेतीच्या बांधाला हात लावायचा नाही, मग तज्ज्ञ काहीही म्हणोत.

"साहेब हो म्हणाले" यावर काम सुरू करणं

साहेब खरंच हो म्हणालेले असतात. पण उन्हाळ्यात बदल्या होतात, जूनमध्ये खुर्चीत दुसरे साहेब असतात आणि फाइलमध्ये काहीच नसतं. एका गावात आम्ही गैरानावर चर खणायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी पंचनामा झाला. चूक पूर्णपणे आमची होती. नव्या अधिकाऱ्यांनी कागद मागितला आणि आमच्याकडे फक्त चहाच्या आठवणी होत्या.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी मी अर्ध्या पानाचं इतिवृत्त लिहितो, दुसऱ्या दिवशी कार्यालयात देतो आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. सातबारा आणि मोजणीचा नकाशा सोबत ठेवतो. गावात गैरान म्हणतात ती जमीन कागदावर राखीव वन निघते, आणि वनखात्याची म्हणून गेलो ती कुणाच्या तरी सामायिक गटात असते. ग्रामसभेचा ठराव तर हवाच, पण ठरावात गट नंबर लिहिलेला नसेल तर तो कागद उपयोगाचा नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने हे काम हाती घेऊ नये, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. काही जण परत येत नाहीत. जे येतात ते टिकतात.

सड्याला पडीक समजणं

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं सपाट पठार. सातबाऱ्यावर पोटखराबा, उन्हाळ्यात काळा कातळ, गवत वाळलेलं. मग कुणीतरी म्हणतं, इथे जंगल उभं करू. ब्रेकर लावून कातळात खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणायची, ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरिपुष्प लावायचं.

जो माणूस सड्यावर फक्त एप्रिलमध्ये गेला आहे त्याने सड्याबद्दल बोलू नये. पहिल्या पावसात दिपकाडीची पांढरी फुलं येतात. ती कोकणापलीकडे सापडत नाहीत. मग गेंद, मग सीतेची आसवं. कातळातल्या डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात. सुट्या दगडाखाली एक छोटी पांढऱ्या पट्ट्यांची पाल राहते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, जिचं घर म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे हेच सडे. आणि आपण काय करतो? "पाणी अडवू" म्हणत तेच सुटे दगड गोळा करून गडगे रचतो. हेतू चांगला असतो, पण दगड उचलला की तिचं छप्पर गेलं. काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जिथे गुडघाभर मातीखाली काय आहे ते पाहिलेलं नाही तिथे जेसीबी नेऊ नका.

सड्याचं काम म्हणजे बहुतेक वेळा काही गोष्टी थांबवणं. वणवा येऊ नये म्हणून शिमग्याच्या आधी जाळरेषा काढणं. चिरेखाणीची माती डबक्यात उतरू नये म्हणून भांडणं. गाड्या वर चढू नयेत म्हणून वाटेवर दोन मोठे चिरे टाकणं. झाडंच लावायची असतील तर सड्याच्या उतारावर, जिथे माती आहे आणि जिथे किंजळ, ऐन, जांभूळ अजून उभे आहेत, तिथे त्यांचीच रोपं लावा.

थोडक्यात आणखी काही

लावणीच्या दिवसांत गावाची बैठक लावू नका. जूनअखेर ते जुलै माणूस शेतात असतो, आणि बैठकीला जे चार जण येतात ते गाव नसतं. मच्छीमारांना मात्र १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात भेटा, तेव्हा ते घरी असतात.

देवराईत, म्हणजे आमच्याकडच्या देवरहाटीत, गावकर आणि मानकरी यांना विचारल्याशिवाय साधी वेलही ओढू नका. वनखात्याचा कागद तिथे अर्धाच पुरतो. देवाला नारळ ठेवायला सांगितलं तर ठेवा. मी दरवेळी ठेवतो, मनापासून ठेवतो.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची नवी रांग लावण्याआधी नोव्हेंबर ते मार्चमध्ये तिथे कासवं येतात का हे विचारा. कासवाला अंडी घालायला मोकळी वाळू लागते, मुळांचं जाळं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखली जात आहेत ती तिथल्या माणसांच्या रात्रपाळीमुळे, लागवडीमुळे नव्हे.

निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून मार्चमध्ये रोपं विकत घेऊ नका. एप्रिल-मे त्यांना पाणी कोण घालणार? त्यापेक्षा त्या पैशात पुढच्या वर्षाची राखणदाराची मजुरी आगाऊ मंजूर करून घ्या. नियमात बसत नाही म्हणतील. दोनदा लेखी विचारा, अनेकदा बसतं.

आणि मोजणी. लावल्यानंतर महिन्याने केलेली गणना मी धरत नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, त्याच महिन्यात, त्याच काठीपासून मोजतो आणि सोबत गावातला एक माणूस नेतो, जो कार्यक्रमाच्या दिवशी फोटोत नव्हता. देवगडच्या त्या खाडीत गेल्या खेपेला मुळे काढणारी ती म्हातारी आमच्याबरोबर मोरीपर्यंत आली. तिने बोट दाखवलेल्या एका कोपऱ्यात पाणी पुन्हा तुंबायला लागलं होतं. अर्ज केला आहे, आवक क्रमांक घेतला आहे, मोरी पावसाआधी साफ व्हायला हवी.