घरच्या घरी कूलरचा स्टँड: एका अँगलमध्ये, अडीच एमएमच्या रॉडने

चोवीस इंची लोखंडी कूलरची टाकी भरली की पाणीच साठेक लिटर होतं, म्हणजे साठ किलो. त्यात बॉडी, मोटर आणि भिजलेलं गवत धरलं की शंभर किलोच्या घरात वजन जातं. विटांच्या थरावर किंवा जुन्या टेबलावर हे ठेवण्यापेक्षा अँगलचा स्टँड बरा. वेल्डिंग शिकणाऱ्यासाठी तर हे पहिलं काम म्हणून फार चांगलं आहे. जोड थोडे आणि सोपे असतात, माल बारा किलोच्या आसपास लागतो आणि खेड्यातल्या सिंगल फेजवर होऊन जातं. फक्त नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायची वाट पाहू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, नाहीतर सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ हातात राहतो.

माल

३०×३०×३ मिलिमीटरचा एक अँगल (एल आकाराचं लोखंड), सहा मीटरचा. पुढची सगळी सुटी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. त्याचं वजन सव्वाआठ किलोच्या आसपास भरायला हवं. काट्यावर सात किलोच भरला तर जाडी मारलेली आहे, दुसरा मागा. दुकानातच २५०० चा एक तुकडा आणि १५०० चे दोन तुकडे करून घ्या, मोटारसायकलवरही आणता येतात. उरलेला ५०० चा तुकडाही सोडू नका, वेल्डिंगचा करंट लावून पाहायला तोच कामी येतो. २५×३ ची पट्टी चार मीटर, पायाखाली घालायला १००×१००×५ च्या चार प्लेटा (भंगारातल्या चालतील), ८ मिलिमीटरचा एक बोल्ट, दोन नट आणि वायसर.

चौकोनी पाइप दिसायला छान दिसतो, पण स्वस्तात मिळतो त्याची भिंत १.२ मिलिमीटरची असते. नवशिक्याचा वेल्डिंग रॉड तिला भोक पाडतो, आणि पाइपात शिरलेल्या पाण्याने तो आतून गंजत बसतो. अँगलला आतली पोकळी नाही, गंज धरला तर तो दिसतो.

विहिरीच्या मोटरपंपाचा जुना जीआय पाइप पडलेला असेल तरी तो यात घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने वरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. दूध पिऊन तो धूर उतरत नाही. जस्ताचा तुकडा जोडावाच लागला तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी ग्राइंडरने पूर्ण काढा, आणि उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून काम करा.

वीज आणि मशीन

२०० अँपिअरचं वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन पुरतं. रॉड ६०१३, अडीच मिलिमीटरचा, करंट ७० ते ८० अँपिअर. एवढ्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. पंख्याच्या पाच अँपिअरच्या पिनवर मशीन लावलं की आधी पिन वितळते. वायरचं वेटोळं उलगडून पसरवा, गुंडाळलेलं वेटोळं तापतं. रॉड टेकवल्यावर व्होल्टेज १९० च्या खाली जात असेल तर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, सारखा तुटतो. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. अशा वेळी थांबा, गावातल्या मोटरी बंद असतात तेव्हा पुन्हा बसा. आकडा टाकून तर काम करूच नका. चोरीचा मुद्दा वेगळाच, त्या तारेला ना फ्यूज असतो ना अर्थिंग.

होल्डर (रॉड धरणारा) मायनसला आणि अर्थ क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) प्लसला लावा, पातळ मालाला असं बरं पडतं. क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर नको, घासून चकाकलेल्या जागी हवा. नवशिक्याचा रॉड चिकटतो त्याचं कारण बहुतेकदा हा क्लॅम्पच असतो. रॉडचं पाकीट उघडलं की उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात ओल धरलेला रॉड फुसफुसतो आणि जोडात बारीक भोकं पाडतो.

जागा

अंगणात एका बाजूला कुटाराचा (भुशाचा) ढीग आणि दुसरीकडे पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) असतातच. ठिणग्या, विशेषतः ग्राइंडरच्या, पाच-सहा मीटर सहज जातात. कामाची जागा झाडून पाणी मारून घ्या, बादली जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच राहा. कुटारात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, आतल्या आत धुमसते. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चामडी बूट, तोंडावर दहा नंबरच्या काचेचा हेल्मेट. ग्राइंडरवर काम करताना साधा गॉगल. पोरं पाहायला जमतातच, त्यांना घरात पाठवा, आर्क लांबूनही डोळ्याला लागतो. लागलाच तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. त्यावर बटाटा, दूध घालत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

उंची मोजा

खिडकीच्या तळाची जमिनीपासूनची उंची घ्या. त्यातून कूलरच्या तळापासून हवेच्या जाळीच्या खालच्या काठापर्यंतचं अंतर वजा करा, आणखी ८ मिलिमीटर वजा करा. उरतं ती पायाची लांबी. इथे ७५० धरली आहे, म्हणजे १५०० च्या एकेका तुकड्यातून दोन पाय निघतात. या एका अँगलमध्ये पाय ८५० पर्यंतच बसतात, त्याहून उंच हवे असतील तर दुसरा अँगल घ्यावा लागेल. ७५० सोडून काही निघालं तर दुकानातले तुकडेही त्याच मापाने करून घ्या, म्हणून हे माप माल आणण्याआधीच काढा.

वरची चौकट

चार वेगळे तुकडे कापून जोडण्यापेक्षा एकच तुकडा खाचा पाडून वाकवा. जोड चारऐवजी एकच उघडा राहतो, आणि चौकट ओढली जाण्याचा त्रास कमी होतो.

२५०० च्या तुकड्यावर एका टोकापासून ६२४, १२४८ आणि १८७२ वर खुणा करा. २४९६ वर शेवट, उरलेलं कापून टाका. अँगलची एक बाजू उभी राहणार, ती कूलरला अडवणारा काठ. खाचा फक्त आडव्या बाजूत. प्रत्येक खुणेवर, उभ्या बाजूच्या आतल्या अंगाला खाचेचं टोक येतं. आडव्या बाजूच्या मोकळ्या काठावर खुणेच्या दोन्हीकडे २७-२७ मिलिमीटर मोजा आणि तिथून टोकापर्यंत रेघ ओढा. हा नव्वद अंशांचा व्ही झाला. दोन्ही टोकांना अर्धा व्ही, म्हणजे ४५ अंश. चार इंची ग्राइंडर आणि पातळ कटिंग व्हीलने कापा. उभ्या बाजूला चाक लागू देऊ नका, तिथे खरवड पडली की वाकवताना तिथेच तडकेल. कटिंग व्हीलच्या अंगाने घासू नका, चाक फुटतं. गार्ड काढलेला ग्राइंडर हातात घेऊच नका.

आता पाय दाबून किंवा पाइपच्या तरफेने एकेक कोपरा वाकवा. खाच पूर्ण मिटू नये, १ ते २ मिलिमीटर फट राहिली तर धातू आतपर्यंत उतरतो. चारही कोपऱ्यांना एकेक टाका (छोटा तात्पुरता जोड) मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारा. पक्का जोड घातल्यावर हे होत नाही, म्हणून इथे घाई करू नका. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

जोड घालताना

आधी ५०० च्या तुकड्यावर दोन-तीन रॉड जाळून पाहा. काडी ओढतात तसा रॉड ओढायचा. आर्क उठला की टोक धातूपासून रॉडच्या जाडीएवढंच दूर ठेवायचं, आणि रॉड चालण्याच्या दिशेला थोडा कललेला. रॉड चिकटत असेल तर ५ अँपिअर वाढवा. जोडाच्या कडेला खड्ड्यासारखी रेघ पडत असेल तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब आहे. जोडावरची खपली (जळलेल्या रॉडचा थर) चिपिंग हातोडीने काढून वायर ब्रश मारल्याशिवाय दुसरा थर देऊ नका, नाहीतर ती आतच अडकते आणि वरून जोड चांगला दिसतो.

चौकट पालथी करा, काठ जमिनीवर. चारही कोपऱ्यांवर पाय उभे करा, अँगलचा कोपरा बाहेर. एकेकाला दोन टाके मारा, गुण्या (काटकोन तपासायचा) दोन्ही बाजूंनी लावून पाहा. मग पट्टीचे ६३० चे चार तुकडे बाहेरून लावा, पायाच्या खालच्या टोकापासून २०० वर, तेही फक्त टाक्यावर. वरच्या कोपऱ्यांत १५० चे आठ तिरके तुकडे, प्रत्येक पायाला दोन. हे नसले तर स्टँड डुलतो.

सगळं टाक्यावर उभं असताना सरळ करून सपाट फरशीवर ठेवा. एक पाय उचललेला असेल तर तो टाका तोडून पुन्हा मारा. नंतरच पक्के जोड घाला, आणि एका कोपऱ्यानंतर समोरचा तिरका कोपरा घ्या. एकाच बाजूला सलग जोड घातले की गार होताना ती बाजू आत ओढली जाते. पंचवीस-तीस रॉडमध्ये काम आटोपतं.

पायाखाली प्लेटा जोडायला विसरू नका. कूलरचं पाणी ठिबकून काळी माती फुगते आणि नुसता अँगल तिच्यात रुततो. सारवलेल्या अंगणात तर प्लेटेखाली फरशीचा तुकडाही हवाच.

अर्थिंगचा बोल्ट

एका पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दीडशे मिलिमीटरवर, ८ मिलिमीटरचा बोल्ट डोक्याकडून वेल्ड करा. आधी डोक्यावरचं जस्त घासून काढा. इथे अर्थची वायर दोन नटांत आवळायची. कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. लोखंडी कूलर लोखंडी स्टँडवर, खाली ओल आणि पाणी भरणारा अनवाणी, म्हणून हा बोल्ट हवाच. सोबत कूलरला तीन पिनचा प्लग आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). पाणी भरताना स्विच बंद आणि प्लग काढलेला.

रंग आणि परीक्षा

त्याच दिवशी वायर ब्रश मारून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, बोल्टच्या आट्यांवर चिकटपट्टी लावून. वाळल्यावर तेलरंगाचे दोन हात, प्लेटेच्या खालूनही. कूलर चढवण्याआधी दोन मोठी माणसं चौकटीवर बसवा आणि तिसऱ्याने स्टँड हलवून पाहावा. कुठे कर्रकन वाजलं तर तो जोड घासून पुन्हा घाला. पावसाळ्यात कूलर उतरला की पायांचं खालचं टोक खरवडून प्रायमर लावा, गंज तिथूनच सुरू होतो.