इंग्रजी उतारा समजून वाचायला कसं शिकवाल?

उतारा नीट निवडला की निम्मं काम झालं. १०० शब्दांत अनोळखी शब्द २ ते ५ च हवेत. जास्त असले की विद्यार्थी अंदाज बांधणं सोडून शब्दकोशात अडकतात. आधी शीर्षकावरून मजकुराचा अंदाज विचारा, मग मूकवाचन. समज तपासायला मोठ्याने वाचून घेऊ नका, सगळं लक्ष उच्चारांकडे जातं.

दुसऱ्या वाचनात 'इट', 'दे', 'धिस' हे शब्द कोणाबद्दल आहेत, तिथपर्यंत पेन्सिलीने बाण काढायला सांगा. खरा गोंधळ बरेचदा इथेच असतो, कठीण शब्दांत नव्हे! 'अनलेस' (म्हणजे 'जर नाही, तर') दिसलं की थांबा. त्याचा अर्थ नुसता 'जर' घेतला, तर वाक्य उलटंच होतं.

शेवटी उतारा झाकून दोन वाक्यांत सार सांगू द्या, अगदी मातृभाषेतही.